सारखीच सूट

अर्थसंकल्पाच्या सभेत चिवड्याच्या प्लेटा मीच मांडल्या.
सतरा नगरसेवक, एक मुख्याधिकारी,
तीन पंख्यांपैकी एक चालणारा.
ग्रामपंचायत होती तोवर इथे सतरंजी असायची.
अध्यक्ष म्हणाले, यंदा घरपट्टीत दहा टक्के सूट,
लहानमोठा भेद नाही, सगळ्यांना सारखी.
टेबलं वाजली.
मीही वाजवलं, दाराशी उभ्यानं, ट्रेच्या पाठीवर.

कारण माझंही घर आहे, स्लॅबचं, दोन खोल्यांचं.
चौऱ्याऐंशी रुपये वाचले.
संध्याकाळी बालूशाही नेली घरी.

मग बिलं लिहायला बसलो.
प्रिंटर दुरुस्तीला तालुक्याला गेलेला, म्हणून हातानं, खाली कार्बन.
अनुक्रमांक एक, चांडक जिनिंग:
मागणी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार,
सूट अडतीस हजार चारशे.
अनुक्रमांक नऊशे बारा, शेवंता गोमा नंदागवळी,
कुडाची भिंत, वर टिनं:
मागणी एकशे वीस,
सूट बारा.
दोन्ही बिलं गुलाबी. रकानेही तेवढ्याच रुंदीचे.
अडतीस हजार चारशे लिहिताना अक्षर बारीक करावं लागलं,
बारा लिहिल्यावर
बरीच जागा उरली.

चांडकशेठ वाईट माणूस नाही.
बिल घेतलं, चहा पाजला, म्हणाले,
जो जास्त भरतो त्याचं जास्त सुटतं, भोयर,
यात लपवाछपवी कुठे आहे?
पलीकडे चाळीस बाया रुई निवडत होत्या,
त्यांची मजुरी इथूनच जाते, हेही खरं.
मी बशीत चहा ओतला.
उत्तर सुचलं ते घरी जाताना, सायकलवर,
आणि तेही अर्धंच.

पान अकरा, खालून तिसरी ओळ:
आठवडी बाजार, बैठक फी, दहाऐवजी वीस.
सुटीचा खड्डा भरायला कुठूनतरी माती लागतेच.
या ओळीला टेबल कोणी वाजवलं नव्हतं.
तोवर प्लेटा रिकाम्या झाल्या होत्या.

मंगळवारी शेवंताबाई नेहमीच्या जागी,
एसटी स्टँडच्या भिंतीला पाठ लावून,
ओल्या पोत्यावर अंबाडी, सांबार, थोड्या वालाच्या शेंगा.
मी विसाची पावती फाडली.
तिनं ती उलटसुलट पाहिली.
"साऱ्यायले सूट भेटली म्हणे. माही केवढी?"
बारा रुपये.
"रोजची?"
सालाची, बाई.

ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागली.
पोळ्याच्या हप्त्यात बाजार नसते, तो एक सोडला.
दोन मंगळवार तापात जातात दरसाल, तेही सोडले.
उरले एकोणपन्नास.
दहा-दहा जास्तीचे.
"चारशे नव्वद," ती म्हणाली,
रागानं नाही, दुसऱ्याच्या तागडीतली खोट दाखवावी तशी.
"असं कर बाप्पा, माहे बारा तू घेऊन जा.
सभेले सांग, शेवंतानं सूट वापस केली.
माह्या जागेचे मातर दहाच राहू दे."

आणि खरंच कनवटीतून काढले,
एक दहाचं नाणं, एक दोनाचं,
माझ्या पावतीपुस्तकावर ठेवले.
"पावती दे."

पुस्तकात थकबाकी आहे, चालू आहे,
दंड आहे, नोटीस फी आहे, यंदा रबरी शिक्क्यानं सूटही आली.
वापस असा रकाना नाही, बाई.
"मंग वढ ना हातानं एक रेघ."

एवढ्यात गिऱ्हाईक आलं.
तिनं पाव किलो अंबाडी तोलली, पारडं झुकू दिलं,
वरून सांबाराच्या चार काड्या टाकल्या,
न मागता, सगळ्यांनाच टाकते तशा.
मी उभाच.
खिशात पेन होतं. स्केल नव्हती.
वारा सुटला, पुस्तकाची पानं फडफडली,
उडाली मात्र नाहीत.
वर बारा रुपये ठेवलेले होते.